उसात मारलेलं तणनाशक निचऱ्याच्या पाईपातनं ओढ्या-विहिरीत जाऊ नये म्हणून काय काय करायचं

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ, मंगळवेढा, जिथं जिथं पाटाचं पाणी पोचलं तिथं तिथं काही वर्षांनी खालच्या अंगाची रानं बिघडली. नीरा उजव्या कालव्याखालची रानं तर इंग्रजांच्या काळापासनं भिजतायत, बाकीची उजनी धरण १९८० ला पूर्ण झाल्यावर. वर पांढरा खार फुलतो, ऊस पिवळा पडतो, रान वापशावर, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीवर, येतच नाही. अशा रानाला जमिनीखालनं छिद्राचा पाईप टाकणं हा खरा उपाय आहे, आणि लोक आता खर्च करून टाकतायत ते बघून बरं वाटतं. सांगलीच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं यावर बरंच काम केलंय, कोल्हापूरच्या शिरोळकडं तर गावंच्या गावं एकत्र येऊन पाईप टाकतायत. तेव्हा हे वाचून कुणी "मग पाईपच नको" असं म्हणू नका, पाईप पाहिजेच.

पण पाईपाला काय कळत नाही की मीठ कुठलं आणि औषध कुठलं. पाण्यात जे विरघळलंय ते तो बाहेर नेतो. आपण वर ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी ही तणनाशकं मारतो, मागनं मोठं पाणी देतो किंवा पाऊस पडतो, आणि त्यातला थोडा भाग पाईपातनं ओढ्याला लागतो. ओढ्याच्या कडेला कुणाची तरी विहीर असतेच, पुढं भीमा, सीना, माण. पाणी बहुतेक वेळा नितळ दिसतं, वास येत नाही, म्हणून यावर बोलणंच होत नाही.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर आहे, ती आधी सांगतो. फवारणीनंतर पाईपातनं जे पहिलं पाणी वाहतं त्यात सगळ्यात जास्त औषध असतं. फवारणी आणि ते पहिलं पाणी यांच्यात जेवढे जास्त दिवस घालवाल तेवढं औषध वर रानातच कुजतं, खाली जात नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हे दिवस कसे वाढवायचे आणि त्या पहिल्या पाण्याला कसं आवरायचं एवढंच आहे.

किती जातं आणि त्यानं काय होतं

अमेरिकेत आयोवा, इंडियाना भागात मक्याच्या रानाखाली असेच पाईप आहेत आणि तिथं कित्येक वर्षं पाईपाचं पाणी तपासलंय. बहुतेक ठिकाणी मारलेल्या औषधाच्या १ टक्क्यापेक्षा कमी पाईपातनं जातं, भेगाळ चिकणमातीत आणि लगेच पाऊस झाला तर त्याहून जास्त. वरच्या वर वाहून जाणाऱ्या पाण्यातनं यापेक्षा जास्त जातं हेही खरं, आणि पाईपामुळं वरचं वाहणं कमी होतं हा पाईपाचा फायदाच आहे.

मग १ टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. खिशाच्या हिशोबानं काहीच नाही, पण पिण्याच्या पाण्याच्या हिशोबानं बघा. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, २,४-डीची ३०. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम ॲट्राझिन ५ लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणून ठेवतं. १० मीटर व्यासाची विहीर आणि त्यात ५ मीटर पाणी धरलं तर ते पावणेचार-चार लाख लिटर होतं. एका विहिरीला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही! युरोपात तर मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम आहे, आणि जमिनीखालच्या पाण्यात ते सारखं सापडायला लागलं म्हणून २००४ मध्ये त्यांनी ॲट्राझिनची मान्यताच काढली. आपल्याकडं ते उसात, मक्यात रोजच्या वापरात आहे, मजूर मिळत नाही, खुरपणीचा दर कुठं गेलाय ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं उद्यापासनं कुणी तणनाशक सोडा असं मी म्हणणार नाही.

आपलं काळं रान वेगळं का आहे

हा भाग नीट वाचा, कारण बाहेरच्या पुस्तकातला सल्ला इथं अर्धाच लागू पडतो. पोयट्याच्या रानात पाणी हळूहळू झिरपत जातं आणि वाटेत माती औषध धरून ठेवते. काळ्या मातीत तसं होत नाही. ती वाळली की फाटते, उन्हाळ्यात भेगा हातभर सहज जातात, काही रानात मीटरभर, आणि पाईप असतो साधारण मीटर-सव्वा मीटरवर. म्हणजे भेग जवळजवळ पाईपापर्यंत पोचलेली. मोठं पाणी सोडलं की पहिले काही तास ते मातीतनं न झिरपता भेगेतनं सरळ खाली उतरतं, वरचं औषध सोबत घेऊन. माती फुगून भेगा मिटेपर्यंत काम झालेलं असतं. अशा वेळी पेंडिमेथॅलिनसारखं मातीला घट्ट चिकटणारं औषधसुद्धा गढूळ पाण्यातल्या बारीक मातीवर बसून खाली जाऊ शकतं, एरवी ते जाणार नाही.

दुसरं म्हणजे आपल्या रानाचा सामू (पीएच) ८ च्या वर, चुनखडी भरपूर आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आत. ॲट्राझिनला धरून ठेवतो तो मुख्यतः सेंद्रिय कर्ब, आणि आपल्या रानात तोच कमी आहे. आणि अल्कधर्मी मातीत ॲट्राझिनचं पाण्यानं होणारं विघटन हळू चालतं. म्हणजे धरणारं कमी, टिकणारं जास्त.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पाईप टाकताना जो चर खणला तो परत भरलेला असतो, ती माती एक-दोन पावसाळे पोकळच राहते, खचते, तिथं लांबच लांब घळ पडते आणि नेमकी पाईपाच्या डोक्यावर. आख्ख्या रानात पाण्याला सगळ्यात जवळची वाट तीच.

पायरी १: रानाचा नकाशा काढा, कागदावर

लॅटरल (रानाखालचे छिद्राचे पाईप) कुठनं कुठं गेल्यात, कलेक्टर (त्यांचं पाणी गोळा करणारा मोठा पाईप) कुठं, चेंबर (मधल्या तपासणीच्या टाक्या) किती, आउटलेट (पाणी बाहेर पडायचं तोंड) कुठं पडतं, आणि तिथनं पाणी कुणाच्या रानात, कुणाच्या विहिरीकडं जातं. पाईप टाकणाऱ्या ठेकेदाराकडनं ड्रॉइंग घेतलं असेल तर उत्तम, नसेल तर जो माणूस त्या वेळी जेसीबीबरोबर उभा होता त्याला घेऊन रानात फिरा आणि दोन्ही बांधांवर प्रत्येक लॅटरलच्या सरळीत दगड रोवून त्याला रंग मारा. चार वर्षांनी कुणाला काही आठवत नाही.

फिरतानाच चेंबर बघा. चेंबरचा काठ जमिनीबरोबर असेल, झाकण फुटलं असेल तर सरीतलं पाणी सरळ आत पडतं, मग माती, भेगा काही संबंधच नाही, औषध थेट पाईपात. काठ फूटभर वर घ्या, झाकण बसवा, भोवती माती चढवून दाबा. खेकड्याची, घुशीची बिळं दिसली की बुजवा.

पायरी २: आपल्या रानात पाणी भेगेतनं पळतं का ते टीडीएस मीटरनं ओळखा

हे मला फार आवडतं कारण स्वस्त आहे आणि कुणालाही जमतं. खिशातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काही शे रुपयांत मिळतो. क्षारपड रानाच्या पाईपाचं पाणी मुळात खारट असतं कारण ते मातीतनं मुरत मुरत आलेलं असतं. पाणी सोडायच्या आधी आउटलेटचा आकडा घ्या, मग पाणी सोडल्यावर दर अर्ध्या-एक तासानं घेत राहा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

आकडा हळूहळू हलला, पाण्याचा जोर दुसऱ्या दिवशी वाढला, तर पाणी मातीतनं झिरपून येतंय, बरं आहे. पण पाणी सोडल्यापासनं तासा-दोन तासांत पाईपाचा जोर वाढला आणि आकडा धाडकन खाली येऊन पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या जवळ गेला, पाणी गढूळ झालं, तर समजायचं की वरचं ताजं पाणी भेगेतनं थेट खाली येतंय. त्या दिवशी वर ताजं तणनाशक असतं तर तेही आलं असतं. हा प्रयोग फवारणी नसलेल्या पाण्याच्या पाळीला करा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. दोन्हीत फरक दिसेल आणि आपलं रान कुठल्या महिन्यात जास्त गळतं ते कळेल.

पायरी ३: औषध निवडताना दोन गोष्टी विचारा

मातीला किती चिकटतं आणि किती दिवस टिकतं. कृषी सेवा केंद्रात हे कुणी सांगत नाही, तिथं "कशानं जळतं" एवढंच चालतं, म्हणून मोजक्या औषधांचं इथं देतो.

ॲट्राझिन मातीला मध्यम-कमी चिकटतं आणि रानात निम्मं व्हायला एक ते दोन महिने घेतं, ओल आणि उन्हावर कमीजास्त. खाली जाणाऱ्यांत पहिला नंबर याचाच. मेट्रिब्युझिन पाण्यात त्याच्या कितीतरी पट जास्त विरघळतं, लिटरला ग्रॅमभर, आणि जास्त सामूच्या रानात आणखी मोकळं फिरतं, मात्र टिकतं कमी. २,४-डी मातीला जवळजवळ चिकटतच नाही पण आठवड्या-दोन आठवड्यांत बरंचसं संपतं, म्हणजे त्याला धोका फक्त सुरुवातीच्या दिवसांचा, तेवढे दिवस कोरडे गेले की सुटलो. पेंडिमेथॅलिन, जे कांद्यात, सोयाबीनमध्ये जास्त चालतं, ते खूप घट्ट चिकटतं, पाईपातनं कमी जातं, पण गढूळ पाण्याबरोबर ओढ्यात गेलं तर माशांना फार विषारी आहे. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मारतात ते एकरी ३६ ग्रॅमच लागतं, त्यामुळं मुळात रानात पडणारं औषधच थोडं.

एकच एक औषध सगळ्यात चांगलं असं नाहीये. पाणी लांब आहे, रान भिजून फुगलेलं आहे, तर ॲट्राझिनसुद्धा नीट वापरता येतं. भेगा पडल्यात आणि चार दिवसांवर आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) आहे तर त्या वेळी मातीत राहणारं कुठलंच औषध नको. लेबलवर आपलं पीक आहे का ते मात्र दरवेळी बघा.

पायरी ४: आधी पाणी, मग वापसा, मग फवारणी

आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. आवर्तन सुटणार म्हणून घाईघाईत आदल्या दिवशी फवारून घेतात आणि लगेच सरी तुडुंब भरतात. पाईपाच्या रानात यापेक्षा वाईट काहीच नाही.

लागणीच्या उसात सोपं आहे. लागण करून पाणी दिलं, भेगा मिटल्या, पहिलं पाणी पाईपातनं निघून गेलं, त्यात औषध नव्हतं. तीन-चार दिवसांनी रान वापशावर आलं की उगवणीआधीचं औषध मारा, ओल असते त्यामुळं ते कामही चांगलं करतं. आता पुढचं पाणी येईपर्यंत सगळ्यात जास्त दिवस हातात आहेत. आंबवणीचं, म्हणजे लागणीनंतरचं पुढचं पाणी हलकं द्या, सरी भरून नको. ठिबक असेल तर अजून चांगलं, थोडं थोडं पाणी रोज किंवा दिवसाआड, पाईप वाहायलाच नको.

पावसाचा हिशोब हंगामावर आहे. सोलापूरला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरच्या मागंपुढं, तोही ठोक पडतो. सुरू उसाला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्याला, पावसाची भीती नाही, पाटपाण्याची आहे. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची, फवारणी त्याच दिवसांत आणि मागं सप्टेंबरचा पाऊस, म्हणून आडसालीत लागण जेवढी लवकर उरकेल तेवढे दिवस हातात राहतात. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर बघता येतो. पुढच्या चार-पाच दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर पंप बाहेर काढू नका. आणि पाईप वाहत असताना तर कधीच फवारू नका, आउटलेटला धार दिसतीय म्हणजे रान पाण्यानं भरलंय, वर पडलेला प्रत्येक थेंब खालच्या वाटेवर आहे.

खोडव्याचं, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाचं, मात्र वेगळं लिहितो, कारण सगळ्यात जास्त औषध तिथनंच जात असणार असं मला वाटतं. ऊस तुटतो फेब्रुवारी-मार्चला, रान तुटून जाईपर्यंत महिनाभर पाणी बंद असतं, मशागत नाही, भेगा वरपासनं खालपर्यंत अखंड. मग लोक ॲट्राझिन मारतात आणि पहिलं पाणी मोकळं सोडतात. तसं करू नका. पाचट जाळू नका, बारीक करून सरीत पसरा, चांगलं दाट पसरलेलं पाचट बहुतेक तण दाबतं आणि हळूहळू कर्बही वाढवतं. जे तण पाचटातनं वर येईल तेवढंच बघून ठिपक्या-ठिपक्यानं मारा किंवा उपटा. ज्यांना पाचट ठेवायचं नाही त्यांनी बगला फोडून घ्या, कोळप्यानं-कुळवानं वरची तीन-चार इंच माती मोडली तरी भेगेचं तोंड बंद होतं आणि पाण्याची सरळ वाट तुटते. मग पाणी, मग वापसा, मग फवारणी, हाच क्रम.

पायरी ५: कमी रानावर मारा

साडेचार फुटी सरी असेल आणि फक्त उसाच्या ओळीवर दीड फुटाचा पट्टा मारला तर रानाचा तिसरा हिस्साच फवारला जातो. ॲट्राझिनची पावडर एकरी १ किलोच्या जागी ३३०-३५० ग्रॅम. पट्ट्यावर डोस तोच राहतो, तो कमी करायचा नाही, नाहीतर तण अर्धवट मरतं. मधली जागा पॉवर टिलरनं किंवा बैलाच्या कोळप्यानं साफ करा, भेगाही मोडतात. पाईपातनं काय जाईल ते मुळात रानात किती पडलं यावर आहे, त्यामुळं या एका गोष्टीचा परिणाम मोठा.

आणि लॅटरलच्या डोक्यावरचा पट्टा सोडा. पहिल्या पायरीत दगड रोवलेत ते इथं कामाला येतात. दगडाच्या दोन्ही बाजूला मीटरभर औषध मारायचं नाही, तिथं खुरपणी. लॅटरल २५ मीटरवर असतील तर हा २ मीटरचा पट्टा म्हणजे रानाच्या फक्त ८ टक्के, एवढी खुरपणी परवडते. पाईप नवीन आहे, चर अजून खचतोय, तेव्हा तर हे कराच, शिवाय दर पावसाळ्यानंतर त्या घळीवर माती ओढून थोडा उंचवटा करा म्हणजे तिथं पाणी साचणार नाही.

पंपाचं माप घ्यायला एक गुंठा पुरतो. ३३ बाय ३३ फुटाचा चौकोन आखा, पंपात मोजून साधं पाणी घ्या, रोजच्या चालीनं फवारा आणि किती संपलं बघा. ५ लिटर संपलं तर गुणिले ४०, एकरी २०० लिटर. म्हणजे १५ लिटरच्या पंपात ३ गुंठे, आणि एकराचं औषध भागिले ४० गुणिले ३ एवढंच एका पंपात. चालणारा माणूस बदलला की परत माप घ्या, एकाची चाल दुसऱ्यासारखी नसते आणि "पंपाला दोन डबे" या हिशोबात कित्येक रानात दीडपट औषध पडतंय.

पायरी ६: फवारणीनंतर आउटलेट काही दिवस बंद ठेवा

आउटलेटला किंवा शेवटच्या चेंबरमध्ये एल्बो बसवून त्यात उभा पाईप खोचता येईल अशी सोय करा. उभा पाईप लावला की पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडत नाही, काढला की निचरा आधीसारखा चालू. जिथं उतार नाही आणि संपमधनं (पाणी साठायच्या खड्ड्यातनं) मोटरनं उपसतात तिथं तर नुसती मोटर बंद ठेवायची. फवारणीच्या आधी लावा, आठ-पंधरा दिवस ठेवा. तेवढ्यात २,४-डीसारखं औषध बरंच कुजतं, ॲट्राझिनसारखं काही अंशी मातीत धरलं जातं.

पण हे आंधळेपणानं करू नका, पाईप आपण रान सुधारायला टाकलाय. छिद्र पाडलेला दीड मीटरचा पीव्हीसी पाईप रानात उभा गाडून ठेवा, त्यात काठी सोडून पाण्याची पातळी बघता येते. पातळी जमिनीपासनं दोन फुटांच्या वर यायला लागली की उभा पाईप काढा. मीठ धुवायची पाळी चालू असेल तेव्हा आउटलेट मोकळंच पाहिजे, म्हणून त्या दिवसांत तणनाशकच नको. आणि सप्टेंबरच्या झडीत आउटलेट बंद करून पीक पाण्यात उभं करणं म्हणजे सगळंच घालवणं.

मोल निचरा (पाईपाशिवाय, खास नांगरानं जमिनीखाली पाडलेलं भोक) केलेल्यांनी जास्त जपायला पाहिजे. मोल दीड-दोन फुटांवरच असतो आणि मोलाच्या नांगरानं वरपासनं चीर पाडलेली असते, तिथं औषधाला खाली जायला वेळच लागत नाही.

पायरी ७: आउटलेटच्या पुढं

बांधाला गवताचा पट्टा ठेवा असं सगळीकडं सांगतात, तो वरच्या वाहत्या पाण्यासाठी चांगलाच आहे, पण पाईप त्या गवताच्या खालनं जातो. त्यामुळं पाईपाचं पाणी अडवायचं असेल तर आउटलेटच्या पुढं जागा करावी लागते. पाच-दहा गुंठे पडीक असेल तर उथळ तळं करा, त्यात पाणकणीस, लव्हाळी आपोआप येतात, पाणी तिथं जितके दिवस थांबेल तितकं ऊन, जिवाणू, गाळ औषध कमी करतात. शोषखड्डा करू नका, ते पाणी सरळ जमिनीखाली पाठवणं झालं.

ते पाणी परत उसाला द्यायचं असेल तर आधी खारटपणा मोजा आणि गोड्या पाण्यात मिसळून द्या. भाजीपाला, काकडी, कलिंगड, सोयाबीन, द्राक्षाला मात्र फवारणीनंतरच्या आठवड्यांतलं पाईपाचं पाणी देऊ नका.

पायरी ८: पंप कुठं धुता

एकरी १ किलो पावडर २०० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम पावडर, त्यातलं निम्मं खरं ॲट्राझिन, अडीच ग्रॅम. पंपात उरलेलं अर्धा लिटर चेंबरपाशी ओतलं तर सव्वा ग्रॅम गेलं, वर काढलेल्या हिशोबानं सहा लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला तेवढं पुरतं. आख्ख्या एकरातनं एका दिवसात पाईपातनं जाईल त्याच्याएवढं ते असू शकतं. तरी लोक विहिरीच्या थारोळ्यावर औषध कालवतात आणि तिथंच पंप धुतात, कारण पाणी तिथं आहे. पाणी ड्रममध्ये भरून रानात न्या, विहीर, चेंबर, ओढा यापासनं लांब कालवा. पंप तीनदा थोड्या थोड्या पाण्यानं खळबळून ते पाणी फवारलेल्या रानातच फवारून टाका. डबेही तसेच तीनदा धुवा, भोक पाडा, घरात पाण्याला-धान्याला वापरू नका.

पायरी ९: पाणी तपासायचं असेल तर

पहिला नमुना फवारणीच्या आधी, दुसरा फवारणीनंतर पाईप पहिल्यांदा वाहायला लागल्या लागल्या, मग त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी, कारण औषध धारेच्या चढत्या जोराबरोबर येतं आणि एकच नमुना दुसऱ्या दिवशी निवांत घेतला तर सगळं ठीक आहे असं वाटतं. गडद काचेची स्वच्छ बाटली, भरून, बर्फात, अंधारात, आणि लगेच लॅबला. एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) असलेली लॅब बघा आणि आधीच विचारा की ॲट्राझिन किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता येतं. लॅबची किमान मोजणीच १० असेल तर "आढळले नाही" या रिपोर्टला २ च्या मर्यादेसाठी काही अर्थ नाही. जमलं तर ॲट्राझिन मोडून तयार होणारं डिइथाइल ॲट्राझिनही मोजायला सांगा.

सोबत धार मोजा. समजा १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. समजा रिपोर्टमध्ये २० मायक्रोग्रॅम आलं, तर दिवसाला ०.८६ ग्रॅम गेलं. दोन एकरांत मिळून १,००० ग्रॅम खरं ॲट्राझिन मारलं असेल तर हे ०.०९ टक्के. तुमच्या दृष्टीनं काहीच गेलं नाही, आणि तेच पाणी पिण्याच्या मर्यादेच्या दहापट आहे. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात.

मातीत औषध शिल्लक आहे का ते कळायला लॅबही लागत नाही. त्या रानातली माती एका कुंडीत, औषध कधीच न मारलेली माती दुसऱ्या कुंडीत, दोन्हीत काकडी किंवा मोहरी लावा आणि दोन-तीन आठवडे बघा. पानाच्या कडा पिवळ्या पडून जळायला लागल्या तर शिल्लक आहे. पण यावरनं पाणी पिण्यालायक आहे का ते ठरवू नका, तेवढं बारीक काकडीला कळत नाही.

आउटलेटच्या खाली ज्यांची विहीर आहे आणि ते पाणी पितात त्यांना फवारणीचा दिवस आधी सांगा, पाईपाची पहिली धार गेली तरी पाणी तपासून होईपर्यंत त्यांनी दुसरीकडचं पाणी प्यावं. पाणी उकळून ॲट्राझिन जात नाही, तुरटीनं जात नाही, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही जात नाही, ते सगळं जंतू आणि गढूळपणासाठी आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या फिल्टरनं ते बरंचसं धरलं जातं, कार्बन वेळेवर बदलला तरच, आणि आरओनं कमी होतं. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर ओढ्याकाठी असेल तर ग्रामपंचायतीला अर्ज देऊन वर्षातनं निदान एकदा, फवारणीच्या हंगामातल्या पहिल्या मोठ्या पाण्यानंतर, तणनाशकाची तपासणी करून घ्यायला लावा, आणि अर्जात ॲट्राझिनचं नाव लिहा, कारण नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट बघतात, तणनाशक वेगळं सांगितल्याशिवाय कुणी मोजत नाही.